मणक्यातलं पाणी आणि विसरण्याचे आजार

आळेफाटा, ओतूर, बेल्हे, नारायणगाव या पट्ट्यातल्या शेतकरी घरात म्हाताऱ्या माणसाचं विसरणं पहिल्यांदा ध्यानात येतं ते बहुतेक वेळा व्यवहारात. आयुष्यभर आडत्याशी तोंडी हिशेब केलेल्या माणसाला कांद्याची पट्टी हातात घेऊनही रकमेचा मेळ लागत नाही. विहिरीवरची मोटार चालू केली, हेच लक्षात राहत नाही. पाहुण्याला चहा देऊन झाल्यावर पुन्हा चहाचं आधण चढतं. घरातले म्हणतात, वय झालं. साठी बुद्धी नाठी ही म्हण तर सगळ्यांच्या तोंडी असतेच. अशी वर्ष-दोन वर्षं निघून जातात. मग एखाद्या रात्री ते माणूस दार उघडून बाहेर पडतं आणि सगळं गाव बॅटऱ्या घेऊन शोधायला निघतं. उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर आणि जागोजागी उघड्या विहिरी असलेल्या जुन्नर-आंबेगाव भागात रात्री असं भरकटणं जिवावर बेतू शकतं.

वयानुसार एखादं नाव पटकन न आठवणं वेगळं आणि जन्मभर केलेलं काम जमेनासं होणं वेगळं. विसरण्यामुळे, गोंधळण्यामुळे, स्वभाव पालटल्यामुळे रोजचं जगणं अडायला लागलं की डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात. मराठीत त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. ताप हे जसं लक्षण आहे आणि त्यामागे मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू असं काहीही असू शकतं, तशीच डिमेन्शियामागे निरनिराळी दुखणी असतात. अल्झायमर हे त्यातलं सर्वांत मोठं. त्याखेरीज मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्याने येणारा डिमेन्शिया असतो, ल्युई बॉडी डिमेन्शिया असतो, मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाकडच्या भागाला पोखरणारा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया असतो. बाहेरून ते बऱ्याचदा सारखेच वाटतात. यातला नेमका कोणता, हे जिवंत माणसात सांगण्याचं एक भरवशाचं साधन गेल्या तीस वर्षांत हाती आलं. ते साधन म्हणजे पाठीच्या मणक्यांमधून काढलेलं चमचा-दोन चमचे पाणी.

गावाकडे जास्त

भारतात साठीपुढच्या किती लोकांना डिमेन्शिया आहे, याचा देशपातळीवरचा नीट अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने देशभर चालणारी वृद्धांची मोठी पाहणी ‘लासी’ नावाने ओळखली जाते. तिच्यातल्याच ४,०९६ जणांची स्मरणशक्तीसाठी खोलवर तपासणी झाली. साठी ओलांडलेल्या शंभरातल्या सात जणांना, नेमकं सांगायचं तर ७.४ टक्के लोकांना, डिमेन्शिया असावा असा हिशेब निघाला. देशभरात ही संख्या ८८ लाखांच्या घरात जाते. पुरुषांत प्रमाण ५.८ टक्के, तर स्त्रियांत ९ टक्के. शहरात ५.३ टक्के, तर गावाकडे ८.४ टक्के.

शेवटचा आकडा बऱ्याच जणांना चकित करतो. गावच्या मोकळ्या हवेत, कष्टात वाढलेल्या माणसाला असले आजार होत नाहीत, असं आपण धरून चाललेलो असतो. पण कमी शिक्षण, वेळीच न धरलेला रक्तदाब आणि मधुमेह, ऐकू कमी येऊनही कानाला यंत्र न लावणं, या साऱ्यांनी डिमेन्शियाचा धोका वाढतो. २०२४ च्या ‘लॅन्सेट’ आयोगाने टाळता येण्याजोगी किंवा कमी करता येण्याजोगी अशी १४ कारणं मांडली. जगातले ४५ टक्के डिमेन्शिया त्यांच्याशी जोडलेले आहेत, असं आयोगाचं म्हणणं.

गावाकडचा दुसरा पेच तपासणीचा. स्मरणशक्ती तपासायला डॉक्टर वापरतात ती प्रश्नावली मुळात शिकलेल्या माणसासाठी बनलेली. आज तारीख किती, शंभरातून सात वजा करत जा, हे वाक्य लिहून दाखवा. शाळेचं तोंडही न पाहिलेली आजी यात नापास होते आणि तिचा मेंदू मात्र ठणठणीत असतो. उलट, हुशार निवृत्त शिक्षक आजार सुरू झाल्यावरही वर्षभर पैकीच्या पैकी गुण मिळवतात. निरक्षर लोकांना लागू पडेल अशी हिंदी प्रश्नावली हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत तयार झाली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली, ती याच अडचणीमुळे. मणक्यातल्या पाण्याचं मोल इथे कळतं. त्यातली प्रथिनं मोजताना माणूस किती बुकं शिकला याने काही फरक पडत नाही.

आधी साध्या तपासण्या

पण म्हणून सरसकट सगळ्यांच्या पाठीत सुई घालायची नसते. त्याआधी काही स्वस्त आणि सोप्या गोष्टी बघाव्याच लागतात, कारण विसरण्याची काही कारणं पूर्ण किंवा बऱ्याच अंशी बरी होतात.

त्यात आपल्याकडे पहिला मान ब-१२ जीवनसत्त्वाचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातली खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन ठिकाणच्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळलं. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळतं. जुन्नर-आंबेगावात माळकरी घरं पुष्कळ आहेत, आणि दूध डेअरीला घालून घरी चहापुरतंच ठेवणारीही. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तरी ब-१२ घटतं. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं आणि सोबत विसरणं दिसलं, तर रक्ताची ही तपासणी तालुक्याच्या गावात होते आणि इलाज इंजेक्शनांवर भागतो.

थायरॉइड मंदावणं, मनाला आलेली उदासी, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक, मोटारसायकलवरून पडल्यावर कवटीखाली हळूहळू साठणारं रक्त, ही आणखी काही कारणं. म्हणून रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय या पायऱ्या ओलांडून पुढे जाता येत नाही. तेवढ्याने उलगडा झाला नाही, माणूस वयाने लहान असला, आजार झपाट्याने वाढत असला किंवा लक्षणं चाकोरीबाहेरची असली, तर न्यूरॉलॉजिस्ट मणक्यातल्या पाण्याचा विचार करतात.

सुई कुठे जाते?

मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांच्याभोवती एक पारदर्शक, निवळ द्रव असतो. वैद्यकाच्या पुस्तकात त्याला मस्तिष्कमेरुद्रव म्हणतात; दवाखान्यात मात्र सगळे ‘मणक्यातलं पाणी’च म्हणतात. मोठ्या माणसात तो कोणत्याही वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो, आणि दिवसाला जवळपास ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो. म्हणजे चोवीस तासांत सगळं पाणी तीन-चार वेळा बदलतं. तपासणीसाठी काढलेलं दहा-पंधरा मिलिलिटर काही तासांतच भरून येतं. मेंदूला धक्क्यांपासून सांभाळणं आणि मेंदूतला टाकाऊ माल वाहून नेणं, ही या पाण्याची कामं. मेंदूत काय चाललंय याचा माग त्यात लागतो तो याच दुसऱ्या कामामुळे.

पाठीतून हे पाणी काढण्याची पद्धत जर्मनीतल्या कील शहरातले डॉक्टर हाइनरिख क्विन्के यांनी १८९१ मध्ये रूढ केली. रुग्णाला कुशीवर निजवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात किंवा बसवून पुढे वाकवतात. जागा बधिर करतात आणि कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीतून बारीक सुई आत नेतात. लोकांच्या मनात इथेच धडकी भरते. पाठीत सुई टोचली की पाय लुळे पडतात, कंबर कायमची जाते, अशी भीती गावोगाव आहे. पण मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई जाते ती त्याच्या खाली, जिथे फक्त मोकळ्या नसा पाण्यात तरंगत असतात. सीझरच्या वेळी बायकांना आणि हर्नियाच्या ऑपरेशनला पुरुषांना कमरेत भूल देतात, ती याच जागी. ज्या घरात सून सीझर होऊन पंधरा दिवसांत चुलीपाशी उभी राहिली, त्या घरातल्या सासऱ्याला या सुईची जागा नवी नाही.

त्रास अजिबात होत नाही असं मात्र नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, निरनिराळ्या देशांतल्या स्मृती-दवाखान्यांच्या एकत्रित अभ्यासात ३,८६८ रुग्णांची नोंद होती. त्यातल्या १९ टक्के लोकांना नंतर डोकेदुखी झाली आणि १७ टक्क्यांची पाठ दुखली. डोकं दुखायचं थांबेना म्हणून स्वतःचंच रक्त टोचून सुईचं छिद्र बुजवावं लागलं, असे रुग्ण ०.३ टक्के होते. टोकाशी बोथट असलेली बारीक सुई वापरली की डोकेदुखी आणखी कमी होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मेंदूत गाठ, सूज असेल तर धोका वाढतो, म्हणून आधी स्कॅन आणि गोळ्यांची चौकशी करतात.

महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना ही प्रक्रिया हाताखालची आहे. टीबीचा मेंदूज्वर ओळखायला मणक्यातलं पाणी काढावंच लागतं. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये तर या पाण्यातून टीबीच्या मेंदूज्वराचं निदान कसं सुधारेल, यावर वर्षानुवर्षं संशोधन झालं आहे. त्यामुळे विसरण्याच्या आजारासाठी पाणी काढताना डॉक्टर नवी कला शिकत नाहीत. नवं आहे ते त्यानंतर प्रयोगशाळेत होणारं मोजमाप.

कमी झालं, म्हणजे साठलं

१९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची आउगुस्टे डेटर दाखल झाली. तिला स्वतःचं नाव लिहिताना अडखळायला होई, नवऱ्यावर ती संशय घेई. तिची टिपणं ठेवणारे डॉक्टर म्हणजे आलोइस अल्झायमर. १९०६ मध्ये ती वारली. तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यांना दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेली पुटं आणि पेशींच्या आत पडलेले गुंते. पुटं असतात बीटा-अमायलॉइड या प्रथिनाची आणि गुंते टाऊ या प्रथिनाचे, हे कळायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. तोपर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ, अल्झायमरची खात्री करायची तर माणूस मेल्यावर मेंदू उघडणं हाच मार्ग होता.

१९९० च्या दशकात संशोधकांनी हीच दोन प्रथिनं मणक्यातल्या पाण्यात शोधली. टाऊ अपेक्षेप्रमाणे वाढलेलं निघालं. मेंदूच्या पेशी मरताना ते बाहेर सांडतं. अमायलॉइडने मात्र कोड्यात टाकलं. मेंदूत त्याची पुटं साचलेल्या रुग्णांच्या पाण्यात ते निरोगी माणसापेक्षा कमी, बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास भरलं. कुकडी प्रकल्पाच्या काठावरच्या शेतकऱ्याला हे कोडं लवकर उलगडेल. धरणाच्या भिंतीमागे गाळ अडकून बसला की सांडव्याखालचं पाणी निवळ येतं. खालचं निवळ पाणी वरच्या गाळाची खूण असते. बेचाळीस अमिनो आम्लांचं चिकट अमायलॉइड मेंदूतच थिजून बसतं, म्हणून खालच्या पाण्यात ते उतरतच नाही.

मोजायचं प्रमाण मात्र अतिसूक्ष्म. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाला पिकोग्रॅम म्हणतात, आणि ही प्रथिनं एका मिलिलिटरमागे अशा काही शे पिकोग्रॅमच्या हिशेबात असतात. त्यामुळे साध्या गोष्टींनीही निकाल बिघडतो. अमायलॉइड काचेला आणि काही प्रकारच्या प्लॅस्टिकला चिकटतं. नमुना चुकीच्या नळीत घेतला तर ते नळीच्या भिंतीवरच राहतं, पाण्यात कमी भरतं, आणि निरोगी माणसाच्या माथी अल्झायमर लागतो. म्हणून पॉलिप्रॉपिलीनची नळी लागते, एका नळीतून दुसरीत ओतणं टाळावं लागतं आणि नमुना थंड ठेवून वेळेत पोचवावा लागतो. आळेफाट्यावर कुणी पाठीतून पाणी काढलं आणि साध्या बाटलीत घालून एसटीने पुण्याला धाडलं, तर तो निकाल कामाचा नाही. सुमारे नव्वद किलोमीटरचा प्रवास नमुन्याने करण्यापेक्षा रुग्णाने केलेला बरा, तो यामुळे.

अमायलॉइड कमी दिसण्याला आणखी एक कारण असू शकतं: काही जणांत ते मुळातच कमी बनतं. ही चूक टाळायला बेचाळीस अमिनो आम्लांच्या अमायलॉइडची तुलना चाळीस अमिनो आम्लांच्या, कमी चिकटणाऱ्या भावंडाशी करतात. या दोहोंचं गुणोत्तर खाली आलं आणि फॉस्फरस जोडलेलं टाऊ वर गेलं, की अल्झायमरचं निदान पक्कं होत जातं. गुणोत्तर मोजणाऱ्या अशा चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२२ मध्ये परवानगी दिली.

नाव कळल्याने काय बदलतं?

बरा होणारा आजार नाही, मग नाव कळून उपयोग काय, असा प्रश्न घरचे विचारतात आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर आजारागणिक वेगळं आहे.

ल्युई बॉडी डिमेन्शियात माणसाला नसलेली माणसं दिसतात. कोपऱ्यात पोरं बसलीत, अंगणात कुणी उभं आहे, असं तो शांतपणे सांगतो. घरात कुजबूज सुरू होते, बाहेरची बाधा म्हणून देवऋषी होतो. शेवटी दवाखान्यात नेल्यावर भास थांबवायला हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं गेलं, तर या आजारात ते घातक ठरू शकतं: हातपाय लाकडासारखे ताठतात, शुद्ध हरपते, जीवही जातो. अमेरिकी अभिनेते रॉबिन विल्यम्स यांना जिवंतपणी पार्किन्सन्सचं निदान झालं होतं. २०१४ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर शवविच्छेदनात ल्युई बॉडींचा आजार निघाला. या आजारात अल्फा-सायन्यूक्लिन हे प्रथिन वाकडी घडी पडून साचतं. रुग्णाच्या पाण्याचा थेंब चांगल्या प्रथिनात मिसळला की ते चांगलं प्रथिनही बिघडत जातं आणि यंत्रात चमक उमटते, अशी चाचणी आता आहे. पार्किन्सन्सच्या एका मोठ्या अभ्यासात १,१२३ जणांवर ती करून पाहिली. २०२३ मध्ये आलेल्या निकालानुसार पार्किन्सन्सच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांत तिने आजार पकडला.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया पंचेचाळीस ते पासष्टच्या वयात, म्हणजे कर्त्या माणसाला गाठतो. त्यात विसरणं नंतर येतं. आधी माणूस पालटतो. भिडस्त माणूस चारचौघांत वाटेल ते बोलतो, गोड खात सुटतो, मिळेल त्या भावाला जमीन विकायला निघतो. भावकीत भांडणं लागतात, बायको माहेरी जाते, सगळे त्याला व्यसनी किंवा वेडा ठरवतात. मणक्यातल्या पाण्यात अमायलॉइडचं गुणोत्तर व्यवस्थित असेल तर अल्झायमर बाजूला पडतो, आणि न्यूरोफिलामेंट हे पेशींच्या पडझडीत सुटणारं प्रथिन खूप वाढलेलं असेल तर हा निव्वळ मनाचा आजार नाही, मेंदू झिजतो आहे, असं डॉक्टर म्हणू शकतात. त्या घरात या एका वाक्याने नाती वाचू शकतात.

काही महिन्यांत माणूस पार खचला, तर मणक्यातलं पाणी तातडीने लागतं. क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा आजार वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होतो आणि त्यावर इलाज नाही. पण त्याच चेहऱ्याने टीबीचा मेंदूज्वर येतो आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीने मेंदूवरच हल्ला केल्याने होणारा मेंदूदाहही येतो. हे दोन्ही बरे होऊ शकतात. पाण्यात कोणत्या पेशी, कोणती प्रतिद्रव्यं, कोणती प्रथिनं आहेत त्यावर पुढची दिशा ठरते.

कधी कधी पाणी काढणं हीच परीक्षा असते. मेंदूच्या पोकळ्यांत पाणी तुंबून होणाऱ्या एका आजारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात, लघवीवर ताबा राहत नाही आणि विसरणं सुरू होतं. अशा रुग्णाचं तीस ते पन्नास मिलिलिटर पाणी काढून नंतर त्याला चालवून पाहतात. चाल सुधारली, तर मेंदूतलं जादा पाणी पोटात सोडणारी नळी बसवण्याचं ऑपरेशन उपयोगी पडू शकतं. यातले कित्येक रुग्ण ‘म्हातारपण’ या एका शब्दाखाली घरात बसून राहतात, याचं वाईट वाटतं.

अल्झायमरमध्येही चित्र हलायला लागलं आहे. मेंदूतलं अमायलॉइड साफ करणारी लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही औषधं अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये पूर्णपणे मंजूर झाली. लेकानेमॅबच्या १,७९५ रुग्णांवरच्या चाचणीत दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. थांबली नाही, मंदावली. मेंदूला सूज येणं, बारीक रक्तस्राव होणं हे दुष्परिणाम असल्याने वारंवार एमआरआय करावे लागतात. आजाराच्या सुरुवातीला आणि अमायलॉइड असल्याचं सिद्ध झाल्यावरच ही औषधं देतात; ते सिद्ध करायचे रुळलेले मार्ग म्हणजे महागडा पेट स्कॅन किंवा मणक्यातलं पाणी.

चाचणीची हद्द

निरोगी माणसाने, केवळ वडिलांना होतं म्हणून धास्तीपोटी, ही चाचणी करू नये. पिढीजात अल्झायमर असलेल्या कुटुंबांच्या अभ्यासात २०१२ मध्ये दिसलं की लक्षणं येण्याच्या अंदाजे पंचवीस वर्षं आधीपासून पाण्यातलं अमायलॉइड घसरू लागतं, म्हणजे निकाल वाईट आला तरी लक्षणं वर्षानुवर्षं दूर असू शकतात. शिवाय अमायलॉइड साचलं म्हणजे माणूस विसरणारच, असंही नाही. बुद्धीने चांगल्या असणाऱ्या लोकांतही पन्नाशीला सुमारे दहा टक्के आणि नव्वदीला सुमारे ४४ टक्के जणांत ते सापडतं. नव्वदीच्या आजोबांच्या अहवालात अमायलॉइड निघालं, तर त्यांच्या विसरण्याचं कारण तेच, असं ठामपणे म्हणता येत नाही. वय जितकं कमी तितका या चाचणीचा निकाल जास्त बोलका. एकाच मेंदूत दोन-तीन आजार एकत्र नांदतात, हेही उतारवयात नेहमीचंच.

ही प्रथिनं चुकीची घडी होऊन एकमेकांना का चिकटतात, हा प्रश्न मुंबईतही अभ्यासला जातो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. सुदीप्त मैती यांच्या गटाने अमायलॉइडवर काम केलं, तर आयआयटी मुंबईत प्रा. समीर माजी यांचा गट अल्फा-सायन्यूक्लिनवर काम करतो. आणि आजार घरात कसा उतरतो हे दाखवण्याचं काम मराठी चित्रपटाने केलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये हत्तीमागे चालत हरवलेल्या संस्कृत पंडिताची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता पाऊल पाण्याकडून रक्ताकडे पडतं आहे. फॉस्फरस जोडलेल्या टाऊचा एक प्रकार आणि अमायलॉइड यांचं गुणोत्तर रक्तातून मोजणाऱ्या चाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्यता मिळाली, तीही लक्षणं असलेल्या पंचावन्नपुढच्या लोकांसाठीच. पाठीत सुई न घालता नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात रक्त घेऊन काम भागलं, तर अशा भागांचं भाग्यच उजळेल. पण किडनीचा आजार आणि लठ्ठपणा यांनी रक्तातले आकडे हलतात. कितीच्या खाली कमी आणि कितीच्या वर जास्त, हे ठरवणारे बरेचसे अभ्यास युरोप-अमेरिकेतल्या, शिकलेल्या लोकांवर झालेले आहेत. आपल्याकडच्या या सीमारेषा आपल्याच माणसांच्या नमुन्यांवरून ठरायला हव्यात. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांत बंगळूरचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च हजारो गावकऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करतं आहे. पुणे जिल्ह्यात केईएमचं वढूचं केंद्र शिरूरच्या गावांत दीर्घकाळ आरोग्याच्या नोंदी ठेवत आलं आहे. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यातल्या आणि बागायती गावांतल्या म्हाताऱ्यांचीही अशी नोंद व्हावी, ही मागणी लोकांनी आणि लोकप्रतिनिधींनी लावून धरायला हवी.

तोवर घरच्यांनी करायचं ते असं. आधी गावच्या डॉक्टरकडून रक्तदाब, साखर, ब-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावं, कान आणि डोळे दाखवावेत. न्यूरॉलॉजिस्टकडे, मग तो पुण्याच्या ससून रुग्णालयाचा असो वा खासगी, जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, आयुर्वेदिक आणि झोपेच्या गोळ्यांसह. पहिल्यांदा काय चुकलं, ते कोणत्या महिन्यात आणि पुढे काय वाढलं, हे वहीत लिहून न्यावं. रोज सोबत राहणारं माणूस, बहुधा सून किंवा लेक, डॉक्टरसमोर असलंच पाहिजे, कारण रुग्ण स्वतः म्हणतो की मला काही झालेलं नाही. मणक्यातलं पाणी काढायचा सल्ला मिळाला तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: कोणता आजार असल्याची शंका आहे, निकाल आल्यावर उपचारात काय बदलेल, आणि नमुना कोणत्या प्रयोगशाळेत, कसा पाठवणार. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी, मोफत दूरध्वनी आहेत. कुठे जावं हे सुचेनासं झालं तर पहिला फोन तिथे करता येतो.